शाळेतच शिकवायचं असेल तर थर्मोडायनॅमिक्स आणि क्वांटम कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रसायनशास्त्र अध्यापनाच्या पदवीचं दुसरं वर्ष चालू आहे. थर्मोडायनॅमिक्स आणि क्वांटम केमिस्ट्री डोक्यावरून जातंय, आणि शिक्षणशास्त्राचे पेपर म्हणजे नुसता शब्दांचा फुलोरा वाटतो. पुढे शिकवायचं शाळेत, तिथे यातलं काहीच लागणार नाही, मग एवढी झटापट कशासाठी? शुद्ध रसायनशास्त्र घेतलेले मित्र "तुमची डिग्री हलकी" म्हणून चिडवतात ते वेगळंच. तर सरळ तिकडे वळावं आणि अध्यापनाचं नंतर बघावं का?

मी बरीच वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि आता छात्राध्यापकांना शिकवते. हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुधा दुसऱ्याच वर्षी. पहिल्या वर्षी उत्साह असतो, शेवटी सराव पाठांची धावपळ असते. मधल्या काळात पदवीचे दोन तुकडे हातात असतात आणि ते जोडायचे कुठे हे कुणी सांगत नाही. माझ्या मते तुमची खरी अडचण ही आहे. क्वांटम अवघड असणं ही दुय्यम गोष्ट. रसायनशास्त्राचे प्राध्यापक समोरचे सगळे संशोधक होणार असं धरून शिकवतात. शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक इतिहास शिकवणं आणि रसायनशास्त्र शिकवणं जणू सारखंच असं धरून चालतात. या दोघांच्या मधली जागा तुमची आहे, आणि ती तुम्हालाच भरावी लागते.

या जागेचं महत्त्व ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1986 मध्ये मांडलं. विषय येणं हे एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती येणं हे दुसरं, आणि हा अमुक घटक मुलांच्या डोक्यात कुठे अडकतो, कोणतं उदाहरण चालतं, कोणतं फसवतं हे कळणं तिसरं. हे तिसरं ज्ञान पहिल्या दोघांची बेरीज करून आपोआप मिळत नाही. पण पहिलं कच्चं असेल तर तिसरं येऊच शकत नाही, हेही तितकंच खरं. कसं ते एका उदाहरणाने सांगते.

मिठाचा बंध घ्या. शाळेत आपण काय सांगतो? सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनला एक कमी. सोडियमला तो द्यायचा असतो, क्लोरीनला हवा असतो. देवाणघेवाण झाली, दोघांचं अष्टक (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, विषय संपला. फळ्यावर छान दिसतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "द्यायचाच असतो तर सोडियम तो आपणहून टाकून का देत नाही?"

इथे तुमचं दुसऱ्या वर्षाचं थर्मोडायनॅमिक्स उभं राहतं. एक मोल (अणू-रेणू मोजण्याचं ठरलेलं माप) वायुरूप सोडियम अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे 496 किलोज्यूल मोजावे लागतात. क्लोरीनच्या अणूंनी ते घेतले की परत मिळतात जेमतेम 349. म्हणजे ज्या देवाणघेवाणीचं आपण कौतुक करतो तो 147 किलोज्यूलच्या तोट्याचा व्यवहार आहे! शिवाय घन सोडियमचे सुटे अणू करायला 107 आणि क्लोरीनच्या अर्ध्या मोल रेणूंचे अणू वेगळे करायला 122. हा सगळा खर्च भरून निघतो तो आयन एकत्र येऊन स्फटिक बनतो तेव्हा. तिथे 787 किलोज्यूल बाहेर पडतात. सगळं जमाखर्चात मांडलं की उत्तर येतं उणे 411, आणि मिठाच्या निर्मितीची एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून मीठ बनताना होणारा उष्णतेचा बदल) म्हणून तक्त्यात तोच आकडा दिसतो.

या जमाखर्चालाच बॉर्न-हाबर चक्र म्हणतात, आणि ते शाळेच्या वर्गात कुणी काढत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याने ते एकदा नीट समजून घेतलंय तो शिक्षक "सोडियमला द्यायचा असतो" हे वाक्य बोलणार नाही. तो सोडियमची आणि क्लोरीनची एकच जोडी काढून थांबणार नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आहेत हे दाखवेल, कारण सगळी ऊर्जा तिथेच आहे हे त्याला ठाऊक असतं. कीथ टेबर या अभ्यासकाने विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला होता. सोडियमचा साधा अणू आणि सात इलेक्ट्रॉन जादा घेतलेला सोडियमचा आयन यांत जास्त स्थिर कोण? पुष्कळांनी सात जादावाल्याला निवडलं, कारण त्याचं अष्टक भरतं. असा आयन असूच शकत नाही हे त्यांना खटकलंही नाही. ही समजूत मुलांनी घरून आणलेली नाही. ती वर्गात, शिक्षकाच्या तोंडून आलेली आहे.

दुसरं उदाहरण प्रयोगशाळेतलं. फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक आम्लात रंगहीन आणि अल्कलीत गुलाबी, हे सगळ्यांना पाठ. एखादा हौशी मुलगा सोडियम हायड्रॉक्साइडचं तीव्र द्रावण घेतो, त्यात दर्शकाचे थेंब टाकतो, गुलाबी रंग येतो आणि थोड्या वेळाने फिका पडत नाहीसा होतो. "बाई, हे आम्ल झालं का?" ज्याला एवढंच माहीत आहे की गुलाबी म्हणजे अल्कली, तो शिक्षक एकतर मुलाला गप्प करेल, नाहीतर बाटलीला दोष देईल. फार तीव्र अल्कलीत त्या रेणूला आणखी एक हायड्रॉक्साइड जोडला जातो, रंग देणारी रचना मोडते, हे ज्याला माहीत आहे तो म्हणेल, "यात पाणी घालून पातळ कर आणि काय होतं बघ." ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पेपरात तुम्ही संयुग्मित (एकाआड एक येणारे) द्विबंध शिकता ते इथे कामाला येतात.

तरी सगळंच सारखं लागतं असं मी म्हणणार नाही. थर्मोडायनॅमिक्स, समतोल, अभिक्रियेचा वेग, आम्ल-अल्कली, बंध आणि रचना हे पक्कं हवं, कारण शाळेतला निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम यांच्यावरच उभा असतो. क्वांटममध्ये श्रोडिंजरच्या समीकरणाची उकल हातखंडा यायला हवी असं नाही, पण ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉन फिरण्याची वाट नव्हे, आणि "4एस (ऑर्बिटलचा एक प्रकार) आधी भरतं" हा नियम नुसताच पाठ करून घेतला की "मग लोखंडाचा आयन होताना 4एसमधलेच इलेक्ट्रॉन आधी का जातात?" या प्रश्नावर आपण अडकतो, इतपत समज हवी. स्पेक्ट्रोस्कोपीत (पदार्थ प्रकाश कसा शोषतो-सोडतो यावरून त्याची रचना ओळखण्याच्या शास्त्रात) यंत्रांचे बारकावे नंतर विसरलात तरी चालेल. "अणू दिसत नाहीत, मग त्यांची मांडणी कुणाला कशी कळली?" असं मुलं विचारतात तेव्हा त्याचं प्रामाणिक उत्तर या विषयात आहे, ते मात्र लक्षात ठेवा.

तुम्ही थर्मोमध्ये अडकलाय म्हणता. माझा अनुभव असा की अशा दहांतल्या सात-आठ जणांचं रसायनशास्त्र कच्चं नसतं, गणित कच्चं असतं. आंशिक अवकलन, लॉगॅरिदम आणि एककं यांत गाडी रुतते आणि दोष एन्ट्रॉपीला दिला जातो. एकदा वही काढून फक्त गणित पक्कं करा, मग थर्मोकडे परत या. आणि प्रत्येक उदाहरण सोडवण्याआधी दोनच गोष्टी शब्दांत लिहा: इथे प्रणाली कोणती, आणि ऊर्जा कुठून कुठे जातेय. आकडे त्यानंतर.

आता शिक्षणशास्त्राकडे. तो फुलोरा वाटतो यात थोडा दोष पेपरांचा आहेच. बोधात्मक विकास, मूल्यमापन, अध्ययन-अध्यापन प्रक्रिया असं सगळं हवेत तरंगत राहतं. त्यावर माझा उपाय एकच: त्या पेपरातली प्रत्येक कल्पना पकडून रसायनशास्त्राच्या एखाद्या घटकावर आपटून बघायची. कार्यकारी स्मृतीची (एका वेळी डोक्यात धरता येणाऱ्या गोष्टींची) मर्यादा शिकलात? मग मोल संकल्पनेचं एक गणित घ्या आणि मोजा, मुलाला एका वेळी किती गोष्टी डोक्यात धराव्या लागतात: वस्तुमान, मोल, कणांची संख्या, समीकरणातलं गुणोत्तर, वर पुन्हा एककं. आता कळेल की हुशार मुलंही तिथे का कोसळतात, आणि पाठ टाचणात कोणती पायरी वेगळी काढायची.

ग्लासगो विद्यापीठातले अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी 1991 मध्ये मांडलेला त्रिकोण तर प्रत्येक छात्राध्यापकाने टेबलासमोर चिकटवून ठेवावा. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं: डोळ्यांना दिसतं ते, कणांच्या पातळीवर घडतं ते, आणि चिन्हांत लिहिलं जातं ते. शिक्षक या तिन्हींमध्ये सहज उड्या मारतो. "तांब्याचा रंग गेला, आयन कमी झाले, म्हणून इकडे दोन लिहू." एका वाक्यात तीन पातळ्या! मुलाला पहिली दिसते, तिसरी ते उतरवून घेतं, आणि मधली हरवते. हे स्वतःच्या पाठात शोधायचं असेल तर पाठ रेकॉर्ड करा आणि प्रत्येक वाक्यासमोर 1, 2 किंवा 3 लिहून काढा. फार बोलकं असतं ते.

मूल्यमापनाचा पेपर असाच. 1987 मध्ये सुझन नरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी दाखवलं की वायूंच्या नियमांची गणितं बरोबर सोडवणारे विद्यार्थी कणांच्या साध्या चित्रावर चुकतात. त्यातला एक प्रश्न असा: पोलादी टाकीत 20 अंश सेल्सियसला हायड्रोजन भरलाय, रेणू ठिपक्यांनी दाखवलेत आणि ते सगळीकडे पसरलेले आहेत. तापमान उणे 20 केलं तर चित्र कसं दिसेल? पर्यायांत ठिपके कुठे तळाशी साचलेले, कुठे मध्यभागी गोळा झालेले, कुठे पहिल्यासारखेच. उत्तर पहिल्यासारखेच, कारण उणे 20 ला हायड्रोजन अजून वायूच आहे. हा प्रश्न तुम्ही ओळखीच्या चार-पाच शाळकरी मुलांना विचारा आणि उत्तरानंतर "असं का वाटलं?" एवढंच म्हणा. समजावून सांगू नका, फक्त ऐका आणि लिहून घ्या. चांगला बहुपर्यायी प्रश्न कसा बनतो हे त्या अर्ध्या तासात कळेल, कारण त्यातले चुकीचे पर्याय मुलांच्याच तोंडचे असले पाहिजेत. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं हेही विचारून बघा. हवा, ऑक्सिजन-हायड्रोजन, "काहीच नाही" आणि वाफ, चारही उत्तरं मिळतील.

हे दोन तुकडे जोडण्यासाठी मी माझ्या छात्राध्यापकांना एक वही ठेवायला लावते. आठवड्यात विद्यापीठात जे शिकलात त्यातला एक मुद्दा घ्यायचा आणि पानभर लिहायचं: शाळेत याची सावली कुठे पडते, तिथे मूल काय समजून बसलेलं असेल, ते बाहेर काढणारा एक प्रश्न कोणता, आणि शक्य असेल तर हातात घेता येईल असा एक प्रयोग. बस. बंध ऊर्जेचं पान असेल तर त्यावर "बंध तुटला की ऊर्जा मिळते" हा समज येणारच. इंधनात ऊर्जा साठलेली असते, जीवशास्त्रातल्या एटीपीचा (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) बंध "ऊर्जासमृद्ध" असतो, हे ऐकून ऐकून तो पक्का झालेला असतो. शेजारी हायड्रोजन जळण्याचा हिशोब: दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन यांचे बंध तोडायला सुमारे 1370 किलोज्यूल खर्च, पाण्याच्या वाफेतले चार मोल बंध तयार होताना 1850 च्या आसपास जमा. ऊर्जा मिळते ती जोडताना. एवढं पान तयार असेल तर त्या दिवशी थर्मोचा अभ्यासही झाला आणि पाठाची तयारीही. आळस कराल तर वही पंधरा दिवसांत बंद पडते, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून एखादा मित्र सोबत घ्या आणि पानं एकमेकांना वाचून दाखवा.

प्रयोगशाळेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. विद्यापीठात तुम्हाला द्रावणं तयार मिळतात. शाळेत ती तयार करणारे तुम्हीच असता. म्हणून आत्ताच प्रयोगशाळा सहायकाशी मैत्री करा आणि एखादा दिवस त्यांच्या हाताखाली काम करा. सोडियम हायड्रॉक्साइड अचूक वजन करून घेतलं तरी द्रावणाची तीव्रता अचूक येत नाही, कारण ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं. म्हणून ऑक्झॅलिक आम्लासारख्या प्रमाण पदार्थाशी त्याचं टायट्रेशन (थेंबाथेंबाने अभिक्रिया पूर्ण करून मोजणं) करूनच तीव्रता ठरवावी लागते. स्टार्चचं द्रावण ताजंच लागतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे पाठ असतंच, पण पाच लिटर द्रावण करताना ते किती तापतं हे हाताला कळलेलं बरं. टाकाऊ द्रावणांचं काय करायचं हे तर पुस्तकात फारसं नसतंच.

आणि दाखवण्याचे प्रयोग निवडताना दोन चाळण्या लावा. पहिली सुरक्षिततेची. उघड्या भांड्यात मिथेनॉल पेटवून क्षारांच्या रंगीत ज्वाला दाखवण्याच्या प्रयोगात अनेक ठिकाणी मुलं गंभीर भाजली आहेत. तेच रंग क्षाराच्या द्रावणात भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरवर धरून दिसतात. मग मिथेनॉल हवंच कशाला? दुसरी चाळणी खरेपणाची. पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती, वर उलटा ग्लास, ज्योत विझते, पाणी वर चढतं, आणि शिक्षक सांगतात की ऑक्सिजन संपला म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. आता त्याच ग्लासखाली तीन मेणबत्त्या लावून बघा. पाणी जास्त चढतं, आणि ऑक्सिजन तर तेवढाच होता! ज्योतीने तापलेली हवा पसरते, थोडी बुडबुड्यांनी बाहेर जाते, उरलेली थंड होताना आकसते, पाणी चढतं ते मुख्यतः त्यामुळे. ऑक्सिजन पूर्ण संपण्याआधीच ज्योत विझलेली असते. तरीही हा प्रयोग मी वर्गात आवर्जून करते, फक्त प्रश्न उलटा विचारते: "एक पंचमांशवाल्यांनी तीन मेणबत्त्यांचं काय होईल ते आधी लिहून द्या."

मित्रांच्या चिडवण्याबद्दल फार बोलायचं नाही, पण एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. अणुभारांचा गोंधळ मिटवणारी मांडणी इटालियन रसायनशास्त्रज्ञ स्तानिस्लाव कान्निझारोंनी 1858 मध्ये प्रसिद्ध केली ती जेनोआतल्या आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायच्या अभ्यासक्रमाची रूपरेषा म्हणून. 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत तिच्या प्रती वाटल्या गेल्या, आणि तिथे हजर असलेल्यांत मेंडेलीव्हही होते. पुढे 1869 ची आवर्त सारणी मेंडेलीव्हना सुचली ती विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना, मूलद्रव्यं कोणत्या क्रमाने शिकवावीत या विवंचनेतून.

राहिला प्रश्न पदवी बदलण्याचा. इथे मी ठाम उत्तर देणार नाही, कारण ते तुमच्या विद्यापीठावर आणि तुमच्यावर अवलंबून आहे. एकात्मिक पदवी, म्हणजे विषय आणि अध्यापन सोबत, हिचा फायदा असा की वर्गात लवकर उभं राहता येतं आणि शिकता शिकताच दोन्ही जोडता येतं. आधी विषयाची पदवी आणि मग अध्यापनाची, या वाटेत विषयाची खोली जास्त मिळते आणि शिकवायचं नाही असं ठरलं तर इतर दारं उघडी राहतात. पण जोडण्याचं काम शेवटच्या घाईच्या वर्षात येऊन पडतं. शिकवणं आवडतं का हेच अजून माहीत नसेल, तर पदवी बदलण्याआधी ते तपासा. एखाद्या शाळेत जाऊन सलग आठवडाभर मागे बसा, शिक्षकांच्या परवानगीने एक-दोन तास घ्या. वर्गात मजा आली आणि फक्त थर्मो नकोसं झालंय, तर पदवी बदलून काहीच साधणार नाही, कारण तिकडे थर्मो जास्तच आहे. वर्गात जीव गुदमरला आणि प्रयोगशाळेत वेळ कसा गेला कळलं नाही, तर खुशाल बदला, त्यात कमीपणा काही नाही.

बदलायचं ठरलंच तर विभागाला तीन गोष्टी लेखी विचारा: आत्तापर्यंतचे कोणते पेपर नव्या पदवीत धरले जातील, किती वेळ वाढेल, आणि नंतर अध्यापनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना आत्ताचे शिक्षणशास्त्राचे पेपर मोजले जातील का. तोंडी आश्वासनावर अर्ज भरू नका.